दगडफूल

हेल्वेकडे एक बादली, ताठ केसांचा एक ब्रश
आणि चर्चच्या समितीने दिलेली यादी:
एकेचाळीस थडगी, शनिवारच्या आत.
शनिवारी बोटीने माणसं येणार सारेमा बेटावर,
मेणबत्त्या, घडीच्या खुर्च्या, बटाट्याचं सॅलड घेऊन,
आणि आपापलं मेलेलं माणूस
त्यांना स्वच्छ लागतं.

एकोणीस उन्हाळे ती हेच करत आली.
पाणी, ब्रश, पाणी.
दगडावरची करडी-पिवळी खरूज
(शब्द तिचाच)
खरवडायची, नाव वर आणायचं,
गुडघे पुढच्या दगडाकडे वळवायचे.

या वर्षी चष्म्याची काडी मोडली.
म्हणून भावाच्या पोस्टाच्या तिकिटांच्या पेटीतलं
भिंग तिने खिशात टाकलं,
नावं वाचताना चुकू नये, एवढ्याचसाठी.

सतरावा दगड. खाली कोण आहे
ते समितीच्या वहीतही पुसट.
तिने भिंग टेकवलं
आणि अक्षरांच्या आधी तिला वाट्या दिसल्या.

केशरी. मोहरीच्या एका दाण्यावर
तीन-चार सहज मांडता येतील एवढ्या.
प्रत्येकीला किंचित फिकट काठ.
शेजारी राखी पापुद्रा, कडेने सुटत आलेला,
तव्यावर पोळी सुटते तसा.
आणि जिथे एक पसारा दुसऱ्याला भेटतो
तिथे काळी, बारीक रेघ:
एवढा जुना बांध, आणि भांडण नाही.
त्या रेघेवरून टिंबाएवढा एक लाल किडा
निघाला होता कुठेतरी,
उशीर झाल्यासारखा.

मी कुंपणापाशी सायकलची चेन बसवत होते.
"ए," ती म्हणाली. मला तिची भाषा अर्धीच येते,
पण "ए" सगळीकडे एकच असतं.
काळ्या हातांनी मी भिंग धरलं.

मग सांगायचा प्रयत्न केला:
आमच्याकडे हे डब्यात असतं.
तेलात परततात, मसाल्यात कुटतात.
ती दगडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे,
या बाईला घरी जेवायला बोलवावं की नाही
असं काहीतरी तोलत.
नाव काय, तिने विचारलं.
दगडाचं फूल, मी म्हणाले,
आणि म्हणता म्हणता जीभ अडखळली.
वीस वर्षं मी हे चिमटीने मोजून टाकलं,
नाकाने ओळखलं, धुरात खोकले,
फूल म्हणत आले,
आणि एकदाही खिडकीपाशी नेऊन
बघितलं नाही.

दुपारी समितीचा एलमार आला, यादी तपासायला.
सोळावर बरोबरची खूण. सतरा कोरडा.
हेल्वेने काही न बोलता भिंग पुढे केलं.
तो वाकला. मग एक गुडघा टेकला.
मग दुसरा.
बर्चच्या झाडातून दोनदा वारा गेला,
माझी चेन बसली, पुन्हा निसटली.
तो उठला तेव्हा पँट दोन्ही गुडघ्यांवर ओली.
"वर्षाला एक मिलिमीटर," तो म्हणाला, "तोही झाला तर."
आणि लगेच, घसा साफ करून,
"शनिवार म्हणजे शनिवार."

तो गेल्यावर तिने ब्रश बादलीत उभा केला.
एप्रनमधून काडेपेटी काढली,
एक काडी दाताने टोकदार केली,
आणि अक्षरांच्या खोबणीतून
फक्त खोबणीतून
काडी फिरवू लागली. फुंकर. काडी. फुंकर.
मान दुखली की आकाशाकडे बघे,
तिथे मात्र काहीच नव्हतं, नुसतं निळं.

संध्याकाळी नाव आलं: लीसू.
भोवतीचं केशरी जागच्या जागी.
खाली साल असावं, दोन आकडे दिसत होते,
उरलेल्या दोहोंवर सगळ्यात मोठी वाटी बसलेली.
मी बोट दाखवलं: हे राहिलं.

हेल्वेने काडी कानामागे खोचली.
"राहू दे," ती म्हणाली,
"बाईचं वय
कशाला उघडं पाडायचं."

चोवीस दगड बाकी होते. परवा शनिवार.